बसा, वजन पायजे

भोरमध्ये आम्ही राहतो त्या खोलीचं दार गेल्या महिन्यात कुरकुरायला लागलं. सुनेनं विचारलं, "आत्या, सुतार बोलवू का?" मी म्हटलं, "कुरकुरतंय म्हणजे तेल मागतंय. मागतंय ते द्यावं." सून माझ्याकडे बघतच राहिली. मी एरवी इतकं ठासून बोलत नाही. खरं म्हणजे ते बोलणं माझं नव्हतंच. ते हौसाक्काचं होतं, इतक्या वर्षांच्या शेजारानं माझ्या तोंडात येऊन बसलेलं.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. तिथं आमच्या अंगणाला लागून हौसाक्काचं अंगण. मध्ये निवडुंगाची वई, म्हणजे कुंपण होतं, पण ते नावाला. हौसाक्का बोलायला लागली की वईच काय, पलीकडची टेकडीसुद्धा ऐकायची. उंच, हाडापेराने मोठी बाई. मिश्री लावून झाल्याशिवाय दिवसाचं पहिलं वाक्य बोलायची नाही, आणि एकदा बोलली की मग थांबायची नाही. मी तिच्या अगदी उलट. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तिला ते बरंच वाटायचं. म्हणायची, "तारे, तू लई चांगली हाईस बघ. मदी मदी तोंड घालत न्हाईस."

तिचं माहेर वेल्ह्याकडचं, पानशेतच्याही वर. वडिलांची बैलगाडी होती, लोकांचं भात आणि हिरडा वाहायचे. गाडीखाली वंगणाचं बांबूचं नळकांडं टांगलेलं असायचं. गाडी निघण्याआधी आसाला वंगण घालायचं काम लहानग्या हौसाकडे. तिच्या हाताची ती सवय कधी गेलीच नाही. करंजाच्या तेलाची एक बाटली, तोंडाला चिंधीचं बूच, सतत तिच्या जवळ. दाराच्या बिजागऱ्या, पाळण्याची कडी, हातपंपाचा दांडा, गंगूआजीचे गुडघे, काहीही कुरकुरलं की बाटली बाहेर निघायची. एकदा देवळात आरती चालू असताना घंटेची कडी करकर वाजायला लागली. हौसाक्का भर आरतीत उठली, समईशेजारचं स्टूल ओढलं, वर चढली आणि कडीत तेल सोडलं. खाली पुजाऱ्याच्या टकलावर धार आली. पुजारी आरती म्हणता म्हणता थांबला. ही वरूनच म्हणाली, "म्हना म्हना, तुमालाबी मुरंल जरा."

त्या दिवसापासून घंटा मात्र लोण्यासारखी हलायची, हे पुजाऱ्यानंही कबूल केलं.

तिच्या घरी पिकअप होती. जुनी, एके काळी पांढरी असलेली. रावजीभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती दुसऱ्याकडून घेतलेली. मी त्यांना भावजी म्हणायचे. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, मुलगा नाही, म्हणून हौसाक्का त्या गाडीला थोरली सून म्हणायची. "आल्यापास्नं एकदाबी उलट बोलली न्हाई," असं कौतुक असायचं, ते बहुतेक एखाद्या सुनेच्या देखतच.

पुढे साखरेनं रावजीभाऊंची नजर गेली. पूर्ण नाही, पण रस्ता आणि ओढा यातला फरक कळेना झाला. गाडी दारात उभी राहिली. आमच्या वाडीवर एसटी चढत नाही. खाली हिर्डोशीला येते, तीही आपल्या मर्जीनं. दुधाचे कॅन, तांदूळ, अंडी, बाजाराला निघालेल्या बायका, सगळं त्या पिकअपवर होतं. गाडी विकायची का, अशी बोलणी चालली असताना हौसाक्का एका सकाळी भावजींना म्हणाली, "तुमी नुसतं शेजारी बसा अन् सांगा."

भात कापून झालेलं होतं. मोकळ्या खाचरात ती गाडी शिकली. भावजी शेजारी बसून, न बघता, आवाजावरून सांगायचे, "आता क्लच. आता गिअर बदल, रडतीया ती." पहिल्याच आठवड्यात तिनं वाडीतल्या शेवंताच्या पेंढ्याच्या गंजीत गाडी घातली. शेवंता ओरडत आली तर ही आतून म्हणते, "गंजी मदी आली, म्या काय करू." सहावारी नेसून पाय अडकतात म्हणून तिनं आईचं नऊवारी काढलं आणि पुढे कायमचं नऊवारीच नेसायला लागली. आमच्या वाडीत मुली गाऊन घालायला लागल्या त्याच सुमारास ही एकटी उलट दिशेनं गेली, गाडी चालवण्यासाठी.

रीतसर लायसन काढून ती पहिल्यांदा भोरला उतरली तेव्हा स्टँडाजवळ माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला, "मावशी, डायवर कुठं गेला?" ही दार उघडून उतरली, पदर खोचला, म्हणाली, "मेला असंल. म्या न्हाई बघितला. बाजूला व्हा, कॅन उतरवायचं हायती."

बायकांना बसवायची तिची एक रीत होती. ती माणसं बघायची नाही, वजन बघायची. वडिलांनी बैलगाडीत पोती कशी लावायची ते शिकवलं होतं, जड मध्ये, हलकं कडेला. "शेवंता, तू चाकावर बस. तुझं वजन उपेगाचं हाय." "गंगूआजी, तुमी कुटंबी बसा, तुमी काय भरतीच्या न्हाई." आणि मला नेहमी केबिनच्या मागे, फुटक्या काचेच्या खिडकीशी. मी कुठल्याच बाजूला झुकत नाही, असं ती म्हणायची. त्या खिडकीमुळे आत नवरा-बायको काय बोलतात ते मला सगळं ऐकू यायचं. म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

गाडी, म्हणजे तिची थोरली सून, बोलायला लागली ती एका पावसाळ्यात. मागच्या चाकांपाशी आधी कुरकुर, मग खडखड. हौसाक्कानं अर्थातच बाटली काढली. रोज सकाळी गाडीखाली वाकून मागच्या पाट्यांच्या टोकांत तेल सोडायची. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचून बांधलेल्या, ज्यांच्यावर गाडीचा सगळा भार असतो. त्यांची टोकं वळवून कानासारखी गोल केलेली असतात. तेल सोडलं की दिवसभर आवाज बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. ती आणखी तेल सोडायची. दसऱ्याला तर तिनं गाडीला हार घातला, लिंबू ठेवलं आणि पाट्यांच्या चारी कानांत वाटी वाटी तेल ओतलं. म्हणाली, "आज सण हाय तिचा. पोटभर पिऊ द्या."

त्यानंतर गाडी मागून नाचायला लागली. सरळ रस्त्यावरसुद्धा मागचं धूड डावी-उजवीकडे जायचं, जसं काही मागच्या चाकांना वेगळ्याच गावाला जायचं आहे. आणि मग भोरच्या वाटेवरचं, धरणाच्या वरचं ते वळण आलं. आम्ही त्याला उंबराचं वळण म्हणतो. एका बाजूला उंबर, दुसऱ्या बाजूला काही नाही, खाली सगळं पाणी. गाडी भरलेली होती. हौसाक्कानं वळण घेतलं आणि मागची बाजू घसरल्यासारखी कडेकडे सरकली. धडका बसल्यासारखा आवाज झाला. बायका किंचाळल्या. गाडी थांबली तेव्हा डावं चाक मुरमावर होतं, आणि मुरमाच्या पुढे पाणी.

कोणाला काही लागलं नाही. पण त्या दिवशी सगळ्या जणी उतरून चालत गेल्या, आणि नंतर कोणी गाडीत बसलं नाही. शेवंता दूध डोक्यावर घेऊन हिर्डोशीपर्यंत चालायला लागली. मीही चालायला लागले.

भावजींनी तेव्हा तोंड उघडलं. ते फार बोलत नसत. त्या दिवशी ओसरीवर बसून म्हणाले, "हौसे, गाडी देऊन टाकू. भंगारवाल्याला निरोप धाडलाय. दिवाळीच्या आदीच्या बाजाराला येतो म्हनलाय."

हौसाक्का भांडायला उभी राहिली. "मला न इचारता? चालवतं कोन?"

"तू चालवतीस म्हनून तर," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. चाक कडंला गेलं त्ये मला कळलं, पर कुटवर गेलं त्ये कळलं न्हाई. तेवढ्यात म्या काय काय बघितलं त्ये मलाच ठावं."

हौसाक्का ओसरीवर त्यांच्या शेजारी बसली. म्हणाली, "अन् नाचायची थांबली तर?"

भावजी म्हणाले, "भरली गाडी त्या वळणावरनं न्हे. मला वळण कळलं न्हाई तर भंगारवाल्याला म्या सोता माघारी लावीन."

दुसऱ्या दिवशी ती रिकामी गाडी हळूहळू चालवत भोरला गौतम मिस्त्रीकडे घेऊन गेली. मला सोबत घेतलं. मी भीत भीत बसले, नाही म्हणायला जमलं नाही म्हणून. मिस्त्रीचा उजवा हात मोडलेला, गळ्यात बांधलेला. त्यानं डाव्या हातानं बॅटरी घेतली, खाली वाकला आणि तिथूनच हसायला लागला.

"आक्का, गाडी हाय का भजी तळताय?"

"का रं?"

"समदं तेलकट. पाट्याच्या कानात रबराचं बुश असतंय. त्यातनं बोल्ट जातोय. तुमच्यातलं रबर इरघळून लापशी झालीया. बुश गेलं की पाटा जाग्याव ऱ्हात न्हाई, पाटा हलला की मागची चाकं आपल्या मनानं वळत्यात. कोन घालतंय ह्यात तेल?"

मी खाली बघितलं. हौसाक्का म्हणाली, "म्या. का? कुरकुरत हुतं."

"रबराला तेल म्हंजे इख."

"माझ्या बापानं हयातभर आसाला तेल घातलं. कवा गाडी नाचली न्हाई."

"तुमच्या बापाच्या गाडीला रबर हुतं का?"

तिला हे पटलं नाही. मिस्त्रीनं नवे बुश दिले, पण स्वतः काम करायला तयार नव्हता. हात बरा व्हायला दिवाळी उलटणार होती. दुसऱ्याकडे जा म्हणाला. ही म्हणाली, "मागल्या येळंला दुसऱ्याकडं टाकली तर टूलबॉक्सातला माझा इळा गेला. तू तोंडानं सांग, हात माझं हायती." मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या मनगटांकडे पाहिलं, आणि सांगायला बसला. मध्ये मध्ये मला म्हणायचा, "वैनी, तुमी ध्यान द्या. ह्या बाईचं ध्यान भांडणात हाय."

सगळ्यात शेवटी त्यानं बोट वर करून सांगितलं, "बोल्ट बसवायचं, पर आवळायचं न्हाई. गाडी लोंबकळती असताना आवळलं तर रबर पिळून बसतंय, अन् खाली टेकल्याव पिळातच फाटतंय. गाडी चाकाव उतरवायची, रोजचं वजन भरायचं, अन् मग खाली शिरून आवळायचं. ह्ये चुकलं तर मला तोंड दावू नका."

घरी आल्यावर हौसाक्कानं एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापले. एक करवंटीत करंजाच्या तेलात बुडवला, एक दुसऱ्या करवंटीत कोरडाच ठेवला. दोन्ही करवंट्या कोनाड्यात, देवाशेजारी. रोज येता-जाता बघायची, बोटानं दाबायची, बोलायची नाही. चार-पाच दिवसांनी तिनं मला वईवरून हाक मारली. तेलातला तुकडा भिजलेल्या वालासारखा फुगला होता. तिनं चिमटीत धरून ओढला तर मध्येच तुटला. कोरडा ताणून सोडला तर फटकन बोटावर बसला.

तिनं दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि हातपंपावर गेली. तिथं पाण्याला आलेल्या सगळ्या बायका होत्या. म्हणाली, "बघा गं. गाडी म्याच घालवली. रोज उठून पाजलं तिला. आता म्याच बरी करती." सगळ्यांच्या देखत, मान वर करूनच. चूक सांगतानाही तिचा आवाज बारीक होत नसे. शेवंता म्हणाली, "गंगूआजीच्या गुडघ्याचं काय मग?" आजी तिथंच होत्या. म्हणाल्या, "माझ्यात रबर न्हाई."

मग आमच्या दोन अंगणांत काम निघालं. हौसाक्कानं नऊवारीवर भावजींचा जुना सदरा चढवला. गाडीच्या सांगाड्याखाली जॅक लावून मागची बाजू उचलली, खाली ऐनाचे ओंडके रचले, पुढच्या चाकांना दगड लावले. बोल्ट गंजलेले होते. डिझेल सोडून मुरवत ठेवले. डिझेल रबरावर ओघळलं तशी मी घाबरून बोट दाखवलं. ती म्हणाली, "पिऊ दे. त्ये मेलंच हाय." दुसऱ्या दिवशी घणानं बोल्ट निघाले. पाट्याचं टोक खाली आलं. कानातून जुनं बुश तिनं बोटानं उकरून काढलं, काळं, चिकट, गुळाच्या काकवीसारखं. ते तिनं टाकलं नाही. एका पत्र्यावर काढून ठेवलं आणि बराच वेळ बघत बसली. "बाई बाई," एवढंच म्हणाली.

नवं बुश कानात दाबून बसवायला मिस्त्रीनं एक लांब बोल्ट, दोन जाड चकत्या आणि पाइपचा तुकडा दिला होता. एका बाजूनं नट फिरवत गेलं की बुश हळूहळू आत सरकतं. पण ते कोरडं सरकेना. हौसाक्काचा हात सवयीनं बाटलीकडे गेला. बाटली ओसरीच्या खांबाशीच होती. हात अर्ध्यावर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री काय म्हनला हुता गं?"

"साबणाचं पाणी," मी म्हटलं.

"मग आन की."

मी धुण्याचा साबण किसून पाण्यात घोळवला. फेस लावल्यावर बुश असं आत गेलं की ती खाली पडल्या पडल्या हसली. भावजी शेजारी बसून पाना हातात देत होते. कुठला पाना ते चाचपून ओळखायचे, आणि एकदाही चुकले नाहीत. ती खालून म्हणायची, "चौदाचा." ते म्हणायचे, "चौदाचा न्हवं, सतराचा लागंल." ती म्हणायची, "आदी चौदाचा द्या, मग म्या सतराचा मागती." असं दोन्ही बाजूंचं काम झालं. बोल्ट हातानं फिरवून बसवले, आवळले नाहीत. ओंडके काढले, गाडी चाकांवर उतरली, चारी चाकांना दगड लावले.

तो बाजाराचाच दिवस होता. भंगारवाला त्याच दिवशी येणार होता. आणि आता वजन पाहिजे होतं.

भात अजून शेतात होतं, पोती नव्हती. दगड भरायला वेळ नव्हता. हौसाक्का अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं वाडीला हाक मारली. "या गं समद्या. गाडीत येऊन बसा. वजन पायजे."

बायका आल्या, पण अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. उंबराचं वळण कोणी विसरलेलं नव्हतं. शेवंता म्हणाली, "आमी न्हाई बसनार त्या गाडीत."

"चालत न्हाई गं ती. हुभी हाय. दगडं लावल्याती. म्या खाली शिरनार, तुमी वर बसनार, भ्या वाटायचं तर मला वाटाय पायजे."

कोणी हललं नाही. मग गंगूआजी काठी टेकत पुढे आल्या. "मला चढवा गं. ही म्हनती माझं वजनच न्हाई. आज बगू." दोघींनी त्यांना उचलून वर ठेवलं. आजी बसल्या म्हटल्यावर बाकीच्यांना उभं राहायला लाज वाटली. एकेक चढायला लागली. मी माझ्या खिडकीपाशी जाऊन बसले. एकीच्या हाताला पीठ होतं, एक चुलीवर दूध ठेवून आली होती आणि सारखी मागे वळून बघत होती. दोघींनी पोरं कडेवर आणली. शेवंता सगळ्यात शेवटी आली, तोंड फुगवून. खालून आवाज आला, "शेवंता चाकाव बसली का?"

"बसली," आम्ही म्हटलं.

"आता कशी गाडी बसली."

आणि ती खाली पडून एकेक बोल्ट आवळायला लागली. पान्याच्या दांड्यात पाइप घालून, दोन्ही हातांनी, कण्हत. आम्ही वर अगदी गप्प, हललं तर काही बिघडेल म्हणून. लग्नाच्या फोटोला बसतात तशा. एकदा आजींना शिंक आली तर खालून ओरडली, "हलू नगा." शेवटचा बोल्ट आवळून झाला तेव्हा ती सरपटत बाहेर आली. तोंड काळं, केसांत माती, सदरा फाटलेला. तिनं हात साबणानं धुतले, सदरा काढून भावजींच्या हातात दिला, चाकांचे दगड पायानं सरकवले, आणि केबिनमध्ये जाऊन बसली. भावजी चाचपत दुसऱ्या बाजूनं बसले.

गाडी सुरू झाली तेव्हा आमच्या लक्षात आलं.

"हौसे, थांब. उतरू दे आमाला," शेवंता ओरडली.

हौसाक्कानं खिडकीतून मान बाहेर काढली. "बसलायसाच तर बाजार करून यीऊ. जिला उतरायचंय तिनं उतरावं. म्या काय बांधून न्हाई ठिवलं."

दूध ठेवून आलेली खरंच उतरली आणि पळाली. शेवंताही उतरली. चार पावलं गेली, मागे वळून पाहिलं. सगळ्या जणी वरच होत्या. आजी तर मांडी घालून बसल्या होत्या. ती पुन्हा चढली आणि चाकावर जाऊन बसली. म्हणाली, "माझ्याबिगार हिचा तोल जातोय."

गाडी निघाली. आम्ही सगळ्या कठडा घट्ट धरून. खालच्या ओढ्यापर्यंत कोणी श्वास सोडला नाही. खड्ड्यात चाक गेलं, मी डोळे मिटले, पण नेहमीचा धक्का आला नाही. गाडी एकदा खाली बसली, एकदा वर आली, पुढे गेली. धरणाचं पाणी दिसायला लागलं. खिडकीतून मला भावजींचा हात दिसत होता, दारावर पालथा ठेवलेला. असंच हात ठेवून ते गाडी ऐकायचे. उंबर जवळ आला. हौसाक्कानं वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. आजी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या. वळण सुरू झालं, आम्ही सगळ्या आपोआप आतल्या बाजूला झुकलो, आणि गाडी मात्र झुकली नाही. रुळावरून जावी तशी गेली. उंबर मागे पडला.

मग आतून भावजींचा आवाज आला, "हौसे, वळण आलं का?"

"कवाच गेलं," ती म्हणाली.

त्यांनी दारावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मी पुढे पाहिलं नाही, मला ते बघू नये असं वाटलं. पण मागे शेवंतानं टाळी वाजवली आणि सगळ्या एकदम हसायला लागल्या. पीठ लागलेली बाई तर रडत होती आणि पिठाच्या हातानं डोळे पुसत होती.

पुढे अरुंद रस्त्यावर समोरून एक टेम्पो येताना दिसला. भंगारवाला. दोन गाड्या बसतील अशी जागा मागे होती, त्याच्या मागे. हौसाक्कानं इंजिन चालू ठेवलं आणि नुसती बसून राहिली. त्यानं हॉर्न दिला. हिनं दिला नाही. शेवटी तो बिचारा लांबवर मागे मागे गेला. आम्ही शेजारून जाताना त्यानं विचारलं, "रावजीबाबा, तुमच्याकडंच निघालोय. गाडी बघायची हाय न्हवं?"

"बघा की," भावजी म्हणाले. "हीच. बघून घ्या."

तो आमच्याकडे, म्हणजे भरलेल्या गाडीकडे बघत राहिला. भावजी म्हणाले, "न्हाणीत एक फुटकी बादली हाय. वर जाताय तर ती न्ह्या."

भोरला पोहोचलो. आमच्यापैकी कोणाकडे विकायला काही नव्हतं, घ्यायला पैसे नव्हते, निम्म्या जणी अनवाणी. तशाच सगळ्या गौतम मिस्त्रीच्या दारात. त्यानं काही विचारलं नाही. गाडीभोवती फिरला, डावा हात मागच्या कोपऱ्यावर ठेवला, सगळ्या अंगानं दाबला आणि सोडला. गाडी एकदा उठली आणि जागेवर थांबली. त्यानं दुसऱ्या कोपऱ्यावर तेच केलं. मग म्हणाला, "आक्का, एक मानूस कमी हाय माझ्याकडं. येताय का कामाला?"

"हात बरा झाला की मोकळी करशील मला," ती म्हणाली. "चहा पाज. समद्यांना." आणि त्यानं पाजला.

आता आम्ही भोरला राहायला आलो, मुलाच्या नोकरीमुळे. हौसाक्का क्वचित भेटते. शेवटची दिसली ती गेल्या दसऱ्याच्या सुमाराला. मी भाजी घेऊन येत होते, पिकअप रस्त्याच्या कडेला उभी. केबिनचं दार उघडताना करकरलं. हौसाक्कानं सीटखालून बाटली काढली, तीच, चिंधीचं बूच, आणि बिजागरीत धार सोडली. दार दोनदा हलवून पाहिलं. मग तिला मागच्या चाकापाशी काहीतरी बघायचं असावं. तिनं बाटली बंद केली, सीटखाली ठेवली, आणि पदरानं हात पुसले. एकेक बोट, नखांच्या कडासुद्धा. मग तळहात नाकाशी नेऊन वास घेतला. मगच मागे जाऊन वाकली.

मी रस्ता ओलांडून जाणार, तोवर ती चढून बसली आणि गाडी निघालीसुद्धा. मागे बायका गच्च बसलेल्या, मध्ये शेवंता. पुढे गतिरोधक होता. पिकअप त्यावरून गेली, एकदा खाली बसली, एकदा वर आली, आणि सरळ हिर्डोशीच्या रस्त्याला लागली. शेवंता पाय पसरून पेरू खात होती. बाकीच्या बोलत होत्या. एक तर झोपलेली होती. कठडा कोणीच धरला नव्हता.